कॉलेजचा लॅपटॉप, गेमिंग आणि वॅटचा आकडा

कॉलेज आणि गेमिंग या दोन्हींसाठी एकच लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्डाच्या नावाआधी त्याचे वॅट पाहावेत. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०५० लॅपटॉपमध्ये ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवलेले असते. नाव तेच, पण कमी वॅटचे कार्ड जड गेममध्ये बरेच मागे पडते. हा आकडा खोक्यावर सहसा नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात ‘टीजीपी’ म्हणून शोधावा लागतो. एवढे कष्ट जरूर घ्यावेत.

रॅम १६ जीबी हवी, शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीने मेमरीचा वेग जवळपास निम्म्यावर येतो आणि गेम मध्येच अडखळतो. स्लॉट मोकळा असेल तर दुसरी पट्टी पुढेही बसवता येते.

वर्गात प्रश्न बॅटरीचा. नोट्स काढताना वेगळे कार्ड बंद राहून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालले, तर चार्जिंग टिकते. गेम मात्र चार्जर लावूनच खेळावेत, कारण बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. टाइप-सी चार्जिंगची सोय असेल तर विटेएवढा मूळ चार्जर हॉस्टेलवरच राहतो आणि सॅकमध्ये फोनच्या चार्जरपेक्षा थोडा मोठा, ६५ वॅटचा पुरतो.