नवा सेल, जुना सेल आणि एक जू

जालन्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. मोसंबीला पाणी द्यायला निघताना आजोबा हाक मारतात, "बॅटरी आण रे!" आणि आपण टॉर्च नेऊन देतो. गावाकडे टॉर्च म्हणजे बॅटरी, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. मला हे फार आवडतं, कारण बॅटरी म्हणजे मुळात तोफांची रांग! १७४९ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवायच्या काचेच्या बरण्या ओळीने जोडल्या आणि त्या रांगेला तेच नाव दिलं. सेल एकटा असतो, बॅटरी म्हणजे त्यांची टोळी.

आता ही टोळी विजोड असली तर?

टॉर्च मंद झाली की काही जण एकच सेल बदलतात. उजेड पडतो, काम भागतं. काही दिवसांनी झाकण फिरवून बघावं, तर आत पांढरी भुकटी, चिकट ओल आणि गंजलेली स्प्रिंग. टॉर्चमधले सेल एकामागे एक असतात, म्हणून जेवढी वीज एकातून जाते तेवढीच दुसऱ्यातूनही जावी लागते. तरणा बैल आणि थकलेला बैल एकाच जुवाला जुंपल्यासारखं! जुना बसला, तरी नवा ओढतच राहतो. शेवटी जुन्या सेलचं चक्क उलटं होतं: अधिकचं टोक उणे, उण्याचं अधिक! आत वायू साठतो, जस्ताचं कवच झिजतं आणि रस बाहेर झिरपतो.

पॉवर बँकेची गोष्ट निराळी. तिच्यात बहुतेकदा सेल शेजारी-शेजारी असतात, अधिकला अधिक आणि उण्याला उणे. समजा, चार मित्रांनी चार ठिकाणचे लिथियम सेल आणून सगळ्यांची मिळून एक पॉवर बँक करायचं ठरवलं. चालेल?

आधी एक गंमत करू. प्लास्टिकची एक बारीक बाटली घ्या, एक जाडी. दोन्हींच्या तळाशी भोकं पाडून नळीने जोडा (भोकं मोठ्यांकडून पाडून घ्या). नळी चिमटीत धरून बारकीत काठोकाठ आणि जाडीत थोडंसंच रंगीत पाणी भरा. आता चिमटी सोडा. पाणी कसं धावतं! पण दोन्हीकडची पातळी आधीच सारखी असेल, तर थेंबही हलत नाही, मग एक बाटली केवढीही जाडी असो.

सेलची पातळी म्हणजे व्होल्ट. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा, रिकामा होत आलेला साधारण ३ व्होल्टचा. फरक १.२. दोघांच्या आतला अडथळा मिळून ०.१ ओहम धरला, तर जोडताक्षणी १२ अँपिअर धावतील! मोबाईल चार्ज करायला साधारण दोन-तीन पुरतात. सेल तापतो, आणि त्याच्या आतला द्रव पेट घेणारा असतो. म्हणून चांगल्या कारखान्यात एकाच खेपेत बनवलेले, सारख्या क्षमतेचे सेल मोजून निवडतात, पातळी जुळवून मगच जोडतात, आणि वर राखणीला एक छोटं सर्किट बसवतात. घरी लिथियम सेल उघडायचा नाही, जोडायचाही नाही.

टॉर्चचं मात्र आजच बघा. दोन्ही सेल एकाच दिवशी घातलेले आहेत का, आजोबांना विचारा.