छप्पन्न अंशांचे भांडण

मुलांनो, २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. ३० तारखेला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली आणि तो आकडा मोबाईलवरून वणव्यासारखा पसरला.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तो आला. अमरावतीच्या मामाने लिहिले, "बघा, हाच हवामान बदल! आता पृथ्वी जळणार." अकोल्याचे आजोबा थोडेच ऐकतात! "कायचा बदल? आमच्या टायमालेबी असंच तपे."

पुढे हवामान खात्याने सांगितले, की तो आकडा चूक होता. यंत्रात बिघाड होता. आजोबा म्हणाले, "पाहा, सारंच खोटं!" मामा रागावून ग्रुपमधून बाहेर पडला. शाळा उघडल्यावर मुलीने मला विचारले, "सर, दिवाळीत मामाकडे जायचं की नाही?"

आता सांगा, खरे कोण? मामाने आकडा तपासला नाही, ही त्याची चूक. पण एक यंत्र बिघडले म्हणून ऊन खोटे ठरत नाही. त्याच दिवसांत उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात ३१ मेपर्यंत जमावबंदी होती! वऱ्हाड पूर्वीपासून तापते, हे आजोबांचे म्हणणेही खरे. मात्र आजचे ऊन म्हणजे हवा आणि साधारण तीस वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. ते आठवणीने नव्हे, नोंदींनी कळते.

नोंदी काय सांगतात? १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०२४ साली जगाचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने जास्त होते. एवढेसेच? अहो, तुमच्या अंगात दीड अंश ताप वाढला, तर आई शाळेत पाठवील का?

आणखी एक गंमत. हवामान खाते तापमान मोजते ते उन्हात नाही, तर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत. म्हणून उन्हात उभ्या मोटारीतला आकडा वेगळा दिसतो.

तेव्हा मोबाईलवर आकडा आला, की तीन प्रश्न विचारा : कोणी मोजले? कुठे, कसे मोजले? किती वर्षांचे मोजले?

त्या मुलीने हेच तीन प्रश्न कागदावर लिहून आजोबांना आणि मामाला पाठवले. खाली एक चौथा प्रश्नही होता : "दिवाळीला येऊ ना?"

दोघांचेही उत्तर एकच आले : "ये!"