माळवदाची सावली

तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. या मुलुखात वैशाखाच्या दुपारी सिमेंटच्या छताखाली तासभर बसून मग एखाद्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात पाऊल टाकणाऱ्या मनुष्याला, आरोग्यदायी घर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता उरत नाही.

माळवदाची रचना पाहण्याजोगी आहे. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींवर व लाकडी खांबांवर तुळया. तुळयांवर लाकडाच्या फळ्या किंवा चिलाट्या. त्यांवर तरवडाचा अथवा लिंबाचा पाला. पाल्यावर चिखल, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, जो पहिल्या पावसात घट्ट बसून पाणी खाली झिरपू देत नाही. मृग लागण्यापूर्वी घरोघरी या मातीची डागडुजी होई. एवढ्या जाड मातीतून उन्हाचा ताप इतक्या संथ गतीने आत शिरतो, की तो आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो, बाहेरची हवा निवलेली असते आणि घरातील माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असतात. चार-पाच इंचांचा स्लॅब मात्र दुपारीच तापतो आणि साठवलेली उष्णता रात्रभर निजलेल्यांच्या अंगावर सोडत राहतो. याच तालुक्यातील नळदुर्गाच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. निसर्गाशी झुंज न घेता त्याच्याकडून गारवा मागून घेण्याची ही विद्या सुलतानापासून कुणब्यापर्यंत सर्वांना अवगत होती, असेच म्हणावे लागते.

या घरातील प्रकाशाची तजवीजही तितकीच विचारपूर्वक केलेली असे. माळवदाला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे छतातील झरोक्यातून, चुलीचा धूर वर जाई आणि उन्हाचा एक कवडसा खाली उतरून सकाळपासून भिंतीवरून जमिनीवर सरकत राही, त्यामुळे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला घड्याळाविना वेळ कळे. ओसरीवर बसलेल्या वृद्धाला चौकातले आकाश आणि तुळस दिसत असे, ही गोष्ट मला केवळ शोभेची वाटत नाही. संशोधक रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ साली असे दाखवले, की शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत पाहत पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि तीव्र वेदनाशामके त्यांना कमी लागली.

मग ही घरे लोकांनी का टाकली? त्याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेली लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील आठ-दहा हजार माणसे त्या भूकंपात गेली, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी. ज्यांनी आपली माणसे त्या ढिगाऱ्यांतून काढली त्यांना मातीच्या छताची धास्ती वाटावी, यात नवल नाही. तथापि दोष मातीच्या शीतलतेचा नव्हता, तर भाराचा आणि सांध्याचा होता. दरवर्षी थरावर थर चढून छत जड होत गेले होते. फूटभर जाडीच्या मातीचे वजन एका चौरस मीटरवर जवळजवळ अर्धा टन भरते. शिवाय भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना एकत्र धरणारे आरपार दगडच बहुधा नव्हते, त्यामुळे धक्क्यासरशी भिंतीची दोन्ही अंगे एकमेकांपासून फाकली.

भूकंपानंतर अभियंत्यांनी सुचविलेले उपाय, म्हणजे छतावरची माती कमी करणे, भिंतींत आरपार दगड बसविणे, घराला चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा देणे, हे सारे जुन्या घराला जगविणारे होते. परंतु भय एवढे खोल गेले होते, की पत्रा आणि स्लॅब हेच सुरक्षिततेचे चिन्ह होऊन बसले.

आज या भागात घर बांधू इच्छिणाऱ्याने पट्टा व पक्का पाया यांत कसूर करू नयेच. पण तेवढ्यावर न थांबता पश्चिमेच्या भिंतीपुढे ओसरी काढावी, त्या बाजूस लिंब लावावा, स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि स्वयंपाकघराच्या माथ्यावर, पावसाचा बंदोबस्त करून, साण्याएवढी जागा मोकळी ठेवावी. गावच्या गवंड्याला यांतले कोणतेही काम नवे नाही.