मोजमाप येतं म्हणून निवाडा येत नाही

बार्शीटाकळी तालुक्यात नाली, पाणंद रस्ता किंवा शाळेची खोली बांधायची म्हटली, की काम बहुधा लहान ठेकेदाराकडेच जातं. गिट्टी आणि सिमेंट उधारीवर येतं, मजुरांचा चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी रोख द्यावा लागतो. बिल मात्र अडकतं, आणि वऱ्हाडात ते अडकण्याचं एक नेहमीचं कारण जमिनीतच आहे. अंदाजपत्रकात मीटरभर खोदाई धरलेली असते. काळ्या मातीत कडक मुरूम लागेपर्यंत दीड-दोन मीटर खाली जावं लागतं. मग जादा खोदाई आणि भराव मोजमाप वहीत (एमबीत) चढला का, मंजुरी लेखी होती की साइटवर तोंडी, यावरून वाद सुरू होतो. असे वाद झटपट सोडवणारे प्रशिक्षित निवाडाकार काही देशांनी कायद्यानं उभे केले आहेत. आपल्याकडे त्यांच्याविषयी बरेच गैरसमज आहेत.

‘निवाडाकार म्हणजे लवादच’ हा त्यातला पहिला. लवादाचा निर्णय अंतिम मानला जातो आणि तिथवर पोचायला वर्षं लागू शकतात. बांधकामाच्या बिलावरचा निवाडा तात्पुरता, पण तातडीनं पाळायचा असतो. आधी पैसे द्या, पटलं नाही तर नंतर लवादात किंवा कोर्टात जा, असं त्याचं सूत्र. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानं ही सोय केली आणि १ मे १९९८ पासून ती लागू झाली. निवाडाकाराला मुदत २८ दिवसांची. पुढे न्यू साउथ वेल्स, न्यूझीलंड, सिंगापूर आणि मलेशियानं असे कायदे केले. भारतात बांधकामासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मोठ्या प्रकल्पांच्या करारांत वाद-मंडळाची तरतूद असते, पण नालीच्या ठेकेदाराला तिचा काही उपयोग नाही.

सर्वात घट्ट बसलेला गैरसमज अनुभवाबद्दल आहे. तीस वर्षं साइटवर काढलेला निवृत्त उपअभियंता असला की झालं, त्याला प्रशिक्षण कशाला, असं सर्रास म्हटलं जातं. तांत्रिक जाण हवीच. मलेशियात निवाडाकाराला बांधकाम किंवा मान्यताप्राप्त अन्य क्षेत्रातला किमान सात वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्याबरोबर निवाड्याच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्रही. याचं कारण असं, की अनुभवी माणूस घसरतो ते अनुभवामुळेच. त्याला जागा बघताच उत्तर सुचतं आणि ते तो दोन्ही बाजूंना न सांगता निर्णयात घालतो. लंडनच्या लॅम्बेथ कौन्सिलच्या एका कामात नेमकं हेच झालं. विलंब कशामुळे झाला याचं गणित निवाडाकारानं स्वतःच मांडलं आणि त्यावर कौन्सिलला बोलायची संधी दिली नाही. २००२ मध्ये कोर्टानं तो निर्णय अमलात आणायला नकार दिला. हिशेब कदाचित बरोबरही असेल, तरी ठेकेदाराची मेहनत आणि वेळ वाया गेला.

म्हणून प्रशिक्षणात बांधकामापेक्षा न्यायाची रीत जास्त शिकवावी लागते. आपल्याकडे आलेला वाद आपल्या अधिकारात बसतो का? दुसऱ्या बाजूला कागद मिळाले का? आपल्याला सुचलेला मुद्दा दोघांपुढे ठेवला का? आणि शेवटी कारणांसह निर्णय लिहिणं. आमच्या मुरुमाच्या वादात ‘ठेकेदाराचं म्हणणं रास्त वाटतं’ एवढं लिहून भागत नाही. एमबीतली कुठली नोंद धरली, कुठली सोडली, जादा बाबीला निविदेतला दर लावला की नवा, हे रुपयांपर्यंत उतरवावं लागतं. तेही मुदतीत. मला तर निर्णय-लेखनाची परीक्षा हाच निवाडाकाराच्या मान्यतेचा कणा वाटतो.

‘खात्याचा वरिष्ठ अधिकारी निवाडा करतोच की!’ करतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ करारातलं ३० वं कलम वाद अधीक्षक अभियंत्यांकडे नेतं. ते प्रामाणिक असतीलही, पण पैसे ज्या खात्यानं द्यायचे त्याच खात्याचे ते अधिकारी आहेत. लवादाच्या बाबतीत कायदा याबद्दल कडक झाला आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं पक्षकाराच्या नोकराला लवाद होण्यास अपात्र ठरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सरकारी करारांत एकाच बाजूनं एकमेव लवाद नेमणं अवैध ठरवलं. प्रशिक्षण कितीही चांगलं असो, नेमणूक तटस्थ संस्थेनं केली नाही तर लहान ठेकेदाराचा विश्वास बसणार नाही.

निवाडाकार सोडाच, लवादांना मान्यता देणारी यंत्रणाही आपल्याकडे अगदीच कच्ची आहे. लवाद कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत भारतीय लवाद परिषद आली, लवादांच्या पात्रतेचं आठवं परिशिष्टही आलं. २०२१ च्या दुरुस्तीनं ते परिशिष्ट गेलं, आणि परिषद २०२४ अखेरपर्यंत कामाला लागलेली नव्हती.

‘उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांत पैसे मिळतीलच,’ असंही अनेक ठेकेदार धरून चालतात. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात ती मुदत आहे, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही आहे. पण वस्तू आणि मजुरी एकत्र असलेली बांधकामाची कंत्राटं या संरक्षणात बसत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये वर्धा नगर परिषदेच्या प्रकरणात म्हटलं. या मुद्द्यावर न्यायालयांत एकमत नाही, त्यामुळे फक्त त्याच दारावर विसंबू नये.

पोट-ठेकेदाराचे हाल त्याहून वाईट. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचं काम करणाऱ्या एका तरुणानं जीव दिला. बिल थकल्याचं त्याच्या जवळच्यांचं म्हणणं होतं, तर त्याच्या नावावर कंत्राटच नाही, असं सरकारकडून सांगण्यात आलं. इंग्लंडचा कायदा पोट-ठेकेदारालाही मुख्य ठेकेदाराविरुद्ध निवाडा मागू देतो. आपल्याकडे त्यालाच सर्वांत आधी हे दार उघडायला हवं.

कायदा येईपर्यंत खासगी कामांत एक गोष्ट करता येते. लवाद कायद्याच्या २९ब कलमात जलद लवादाची सोय आहे. दोघांनी लेखी मान्य केलं, की दोघांना पसंत असलेला एकच लवाद मुख्यतः कागदपत्रांवरून सहा महिन्यांत निर्णय देतो. घर बांधताना किंवा पोट-ठेका देताना करारात हे चार ओळींत लिहून ठेवावं, आणि ते काम सुरू होण्यापूर्वी. एकदा बिल अडकलं की दुसरी बाजू सही करत नाही.