वंशावळीचा शोध : यवतमाळ जिल्ह्यातील साधने व शिक्षणाच्या सोयी

आपले पणजोबा कोण होते व कोणत्या गावी राहत होते, हा प्रश्न एकेकाळी हौशी इतिहासप्रेमींपुरता मर्यादित होता. आज यवतमाळ जिल्ह्यातील हजारो कुटुंबांच्या दृष्टीने तो निकडीचा झाला आहे. जातीच्या दाखल्यांसंबंधीच्या २००१ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे. त्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही इतर पारंपरिक वननिवासींकडून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याची अपेक्षा केली आहे. आणि जुन्या अभिलेखातील व्यक्तीशी नाते जोडणारी वंशावळ हा त्यासाठी मान्य पुरावा आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाचा प्रवेश अशा रीतीने पन्नास-साठ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या एका नोंदीवर अवलंबून राहतो.

ही नोंद बहुधा कोतवाल बुकात सापडते. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवालाकडून त्याची खबर जाई व ती लिहून ठेवली जाई. ही बुके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. परंतु ती वाचणे हे एक स्वतंत्र शिक्षणच आहे. त्यात पुष्कळदा बालकाचे नावच नसते. केवळ अमक्यास मुलगा झाला एवढाच उल्लेख, पुढे जात व दिनांक. आडनाव क्वचितच आढळते. ‘रामा वल्द सखाराम’ म्हणजे सखारामचा मुलगा रामा, ‘जौजे’ म्हणजे पत्नी, ‘बेवा’ म्हणजे विधवा, हे शब्द नव्या पिढीला अपरिचित आहेत. एकाच गावात दोन सखाराम असले तर कोणता आपला, हे केवळ या नोंदीवरून ठरत नाही. त्यासाठी शाळेची दाखल-खारीज नोंदवही व १९५४-५५ चा अधिकार अभिलेख यांच्याशी मेळ घालावा लागतो. शाळेतील जन्मतारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नये. गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जुलै ही तारीख ज्यांच्या वाट्याला आली, असे लोक गावोगाव आहेत!

जिल्ह्याच्या पूर्वेतिहासाची जाण असल्याशिवाय शोध भलत्याच दिशेने जातो. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा जिल्हा पूर्वी ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका त्यास जोडला गेला. म्हणून पुसदकडील कुटुंबांनी त्यापूर्वीचे कागद वाशीमच्या नावाखाली शोधावेत. पैनगंगेपलीकडून आलेल्यांचे मूळ गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथील दप्तर पुष्कळसे उर्दूत असून त्याचा माग छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद येथे लागण्याचा संभव अधिक. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठेपर्यंत या जिल्ह्यातील गोंड आदी जमातींना केळापूर, वणी व यवतमाळ या तालुक्यांतच अनुसूचित जमातीचा दर्जा होता. दारव्हा-पुसदकडील आदिवासी कुटुंबांत आजोबांचा दाखला आढळत नाही, याचे कारण बहुतांशी हेच आहे. तो नसणे म्हणजे दावा खोटा असणे नव्हे.

जुन्या नोंदींपैकी अनेक मोडीत आहेत. रेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिण्याची, शब्द न तोडण्याची व ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळण्याची या लिपीची पद्धत प्रारंभी गोंधळात टाकते. मात्र नियमित सरावाने साधे दप्तर वाचता येऊ लागते. शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग वेळोवेळी भरवते व परीक्षाही घेते. त्याच्या नागपूर शाखेत मध्य प्रांत व वऱ्हाडाचे अभिलेख आहेत. जिल्ह्यातील इच्छुकांनी तेथे चौकशी करावी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळही मोडीचे वर्ग घेते. खुद्द यवतमाळात महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या रूपाने जुन्या कागदांच्या संशोधनाची परंपरा घालून दिली, हे नव्या शिक्षकांना ठाऊक असावे.

कागदापलीकडचे एक साधन दुर्लक्षित आहे. गोंड घराण्यांची वंशगाथा किंगरीच्या साथीने सांगणारे परधान जुन्या पिढ्यांची नावे व मूळ गावे स्मरणात ठेवीत आले. पडताळणी समितीपुढे त्या कथनाला दस्तऐवजाचे स्थान नाही. पण कोणत्या गावचे कोतवाल बुक उघडावे, हे त्यातून कळू शकते. असे जाणकार वृद्ध हयात आहेत तोवर त्यांचे कथन लिहून घ्यावे.

ग्रामपंचायतींना यात बरेच करता येईल. मोडी जाणणारा शिक्षक व तहसीलमधील अभिलेखपाल यांना बोलावून एक दिवसाचा वाचनवर्ग घेण्यास फारसा खर्च येत नाही. लोकांनी आपापले कागद आणावेत, जाणकारांनी ते वाचून दाखवावेत, आणि वंशावळीत प्रत्येक नावापुढे पुरावा कोणता हे त्याच बैठकीत लिहावे. शाळेच्या जुन्या नोंदवह्यांची पाने या हाताळणीत तुटतात; म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत व मूळ वही ओल आणि वाळवीपासून दूर, बंद कपाटात ठेवावी. गाळलेले किंवा खोडलेले अक्षर मात्र कोणीही, कितीही सद्हेतूने, स्वतः दुरुस्त करू नये. अशी एक दुरुस्ती संपूर्ण कुटुंबाचा खरा दावा संशयास्पद करते.