सशाचे कान कुंडीतच बरे

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटानं ठरवलं, वाण म्हणून वाट्या-डबे पुरे झाले, या वेळी रोप देऊ या. नर्सरीतून छोट्या कुंड्या आणल्या. त्यात होतं शोभेचं निवडुंग, ज्याला सगळे ‘सशाचे कान’ म्हणतात. चपटे हिरवे कान, त्यांवर पिवळे नाहीतर पांढरे मऊसर ठिपके. सगळ्याजणी खूश!

होळी उलटली आणि एकेक तक्रार यायला लागली. एक म्हणाली, “रोज पाणी घालते, तरी बुडाशी पिवळं पडून लिबलिबीत झालं.” दुसरी म्हणाली, “नातवानं हात लावला आणि रात्रभर रडत बसला.” तिसरीनं सांगितलं, “मेलं वाटलं म्हणून ओढ्यात फेकून दिलं.” चूक त्यांची नव्हती, आमची होती. आम्ही रोप दिलं, पण ते कसं सांभाळायचं ते सांगितलं नाही. आता मृगाचा पाऊस तोंडावर आहे. त्याआधी ही चूक दुरुस्त करू या.

आधी झाड ओळखू. हे फड्या निवडुंगाचं भावंड, मूळचं मेक्सिकोचं. आपल्याला जी जाड पानं वाटतात ती पानं नसून खोड आहे. खरी पानं कोवळ्या कानावर अगदी बारीक येतात आणि लवकरच गळतात. आपलं तीनधारी निवडुंग मोडलं की पांढरा चीक येतो. याला तसा चीक नसतो, ही दोन वेगळी कुळं आहेत.

बहुतेक झाडं दिवसा आपली बारीक छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यातून पाण्याची वाफही निघून जाते. हे झाड रात्रीच्या गारव्यात छिद्रं उघडतं, लागणारा कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं आणि दिवसा छिद्रं मिटून उन्हात अन्न तयार करतं. पाणी कानातच साठलेलं असतं. अशा काटकसरी झाडाला रोज तांब्याभर पाणी घातलं, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. माया करावी, पण पाण्याची नको.

कुंडी मातीची घ्यावी, म्हणजे ओल लवकर सुकते. बुडाला भोक हवंच, त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा. दोन भाग बागेतली माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती वापरू नका, ती पाणी धरून बसते. कुंडी झाडापेक्षा थोडीशीच मोठी असू द्या.

पाणी घालण्याआधी काडी मातीत खोल खुपसून पाहा. काडीला ओली माती चिकटली, तर थांबा. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरतं. घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, पण खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पावसाळ्यात कुंडी ओसरीवर किंवा पत्र्याखाली आणा. पागोळ्या पडतात तिथे मात्र नको.

ऊन दिवसाला पाच-सहा तास हवं. सावलीत नवे कान बारीक, लांबट आणि फिके येतात. पण घरातली कुंडी एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवली, तर कान करपतात. आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन देऊन सवय करा. झाडाची भाषा सोपी आहे. कान सुरकुतला तर बहुधा तहान, मऊ पडून पिवळा-तपकिरी झाला तर कूज. कूज दिसली की सुरी स्पिरिटनं पुसून निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून टाका.

कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर ती कीड असते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीच्या कापसानं पुसून घ्या. पुंजका चिरडल्यावर लालभडक रंग आला, तर ते कोचिनियलचे किडे. पूर्वी रेशीम आणि लोकर रंगवायला त्याच जातभाईंचा रंग वापरत.

आता नातवाच्या हाताकडे येऊ. मऊ दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे केसासारख्या कुसळांचा झुबका. कुसळाला उलटे दाते असतात, त्यामुळे ते शिरलं की सहज निघत नाही. हात चोळू नका, तोंडात घालू नका, ओढणीनं पुसू नका. उजेडात चिमट्यानं दिसतील तेवढी काढा. उरलेल्यांसाठी मुलं हस्तकलेला वापरतात तो पांढरा गोंद पातळ लावा, वर मलमपट्टीची जाळीदार पट्टी ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर हळूच सोलून काढा. डोळ्यात गेलं, तर घरी काहीही न करता थेट डॉक्टरांकडे जा. कुंडी हलवताना वर्तमानपत्राची जाड घडी झाडाभोवती गुंडाळा किंवा सांडशी वापरा. ती सांडशी पुन्हा स्वयंपाकात नको. रांगत्या बाळाच्या घरी कुंडी उंचावर ठेवा.

नवं रोप करणं अगदी सोपं. निरोगी कान जोडावर कापा, आठवडाभर सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग दोन बोटं खोल उभा लावा आणि खडे लावून आधार द्या. पहिला आठवडा पाणी नाही. महिन्याभरात मुळं धरतात. फेब्रुवारी-मार्च यासाठी चांगला.

हे इतकं सोपं आहे, म्हणूनच ओढ्यात फेकलेल्या झाडाची आम्हाला काळजी वाटते. पडलेला एक कानसुद्धा रुजतो आणि ओढ्याचं पाणी तो कुठल्या कुठे नेतं. ऑस्ट्रेलियात शोभेला आणि कुंपणाला नेलेली फड्या निवडुंगं इतकी माजली, की १९२५च्या सुमारास सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन त्यांनी व्यापली होती. म्हणजे आपल्या पाऊण महाराष्ट्राएवढी! शेवटी त्यांना खाणारी एक अळी बाहेरून आणून सोडावी लागली. आपल्याकडेही माजलेलं निवडुंग आवरायला १९२६ साली दक्षिण भारतात कोचिनियलचा किडा आणला गेला. आपल्या सशाच्या कानांची जातही आज ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत तण ठरली आहे. गुरांच्या तोंडात ही कुसळं गेली, तर त्या मुक्या जिवानं सांगायचं कुणाला?

म्हणून छाटलेले किंवा नको झालेले कान ओढ्यात, बांधावर, गायरानात किंवा उकिरड्यावर टाकू नका. जाड पिशवीत घट्ट बांधून दोन महिने कडक उन्हात ठेवा. पूर्ण मेल्याची खात्री झाली, की खोल खड्ड्यात पुरा.

ओढ्याकडे फेकलेलं ते झाड शोधायला आम्ही चौघी सांडशी, पोतं आणि जाड हातमोजे घेऊन गेलो. तीन कान सापडले आणि त्यांतल्या एकाला मूळ फुटलेलं होतं. तो आता आमच्या केंद्राच्या खिडकीत, कुंडीत आहे. येऊन पाहा, पण लांबून. पुढच्या वर्षी वाणात रोप दिलं, तर सोबत या सूचनांची चिठ्ठीही देऊ, हे मात्र नक्की.