विलासनौकेची पारख

पन्नास-साठ फूट लांबीची यांत्रिक विलासनौका विकत घेणारे आमच्या वाचकांत विरळाच असतील. तथापि मोठ्या खरेदीपूर्वीं तुलना कशी करावी, याचें हें उत्तम उदाहरण असल्यामुळें त्याचा विचार येथें करूं.

इंग्लंडांतील प्लिमथची ‘प्रिन्सेस’, पूलची ‘सनसीकर’, अमेरिकेंतील ‘नॉर्डहॅवन’ इत्यादि नांवें या व्यवसायांत प्रसिद्ध आहेत. ग्राहक नौकेंत शिरतांच दिवाणखाना, शयनगृहें व लाकडाची झिलई पाहतो. आमच्या मतें हें सर्व शेवटीं पाहावें. आधीं देश, काल व पात्र यांचा विचार करावा.

प्रथम देश, म्हणजे पाणी कोठलें तें. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत नद्यांसाठीं ‘सामान्य’ व समुद्रासाठीं ‘विशेष’ असे नौकांचे दोन वर्ग केले आहेत. युरोपीय संघाच्या २०१३ सालच्या नियमांतहि चोवीस मीटरपर्यंतच्या नौकांचे चार वर्ग आहेत. दोन मीटरपर्यंतच्या लाटांस ‘सी’ वर्ग चालतो, चार मीटरपर्यंत ‘बी’ लागतो, त्याहून उंच लाटांस ‘ए’. किनाऱ्यालगत फिरण्यासाठीं बांधलेली नौका महासागरांत नेणें म्हणजे घरच्या माणसांचे प्राण पणास लावणें होय.

दुसरा काल, म्हणजे वेग. नौकेचा वेग मुख्यतः तिच्या तळावर अवलंबून असतो. पाणी बाजूस सारीत जाणाऱ्या तळाची मर्यादा लांबीनें ठरते: पाण्याच्या रेषेवरील लांबीच्या फुटांचें वर्गमूळ काढून त्यास १.३४ नें गुणावें. ४९ फुटांस हा वेग सुमारें ९.४ नॉट येतो. पाण्यावर उचलला जाऊन धांवणारा तळ पंचवीस नॉटहि गांठतो. ‘फ्लेमिंग ५५’सारख्या नौकांचा तळ मधल्या जातीचा असतो.

वेगाची किंमत मात्र इंधनानें मोजावी लागते. डिझेल एंजिनास दर अश्वशक्तीमागें ताशीं सुमारें पाव लिटराहून थोडें कमी, म्हणजे एक पंचमांश लिटर तेल लागतें. १,५०० अश्वशक्ति वापरून पंचवीस नॉटनें जाणारी नौका सागरी मैलास १२ लिटर जाळील. १०० अश्वशक्तीवर आठ नॉटनें जाणारी अडीच लिटर. ‘नॉर्डहॅवन ४०’ या चाळीस फुटी नौकेनें २००१-०२ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, ती या मंद गतीच्याच बळावर.

तिसरें पात्र, म्हणजे प्रत्यक्ष नौका. दोन-तीन नौका निवडल्यावर प्रत्येकीस समुद्रांत चालवून पाहावें, व तेंहि वारा असतांना. घरांतील वृद्ध, गृहिणी व मुलें बरोबर न्यावींत; डोलणाऱ्या स्वयंपाकघरांत उभें राहतां येतें कीं नाहीं, हें बंदरांत कळत नाहीं. डोलणें कमी करण्यास बाजूचे पंख किंवा भ्रमणचक्र बसवितात. त्यांतील पंख नौका नांगरलेली असतांनाहि उपयोगी पडतात काय, तें विचारून घ्यावें.

नंतर नौका पाण्याबाहेर काढवून स्वतंत्र तज्ज्ञाकडून तळ व एंजिनें तपासून घ्यावींत. हा तज्ज्ञ विक्रेत्यानें सुचविलेला नसावा. बंदरभाडें, विमा व डागडुजी यांसाठीं किंमतीचा सुमारें दहावा भाग दरवर्षीं धरण्याचा प्रघात आहे. तोहि हिशेब आधींच मांडावा. तपासणी समाधानकारक न ठरल्यास विसाराची रक्कम परत मिळेल, ही अट करारांत लिहून घेतल्याशिवाय एक पैहि देऊं नये.